नाटकासाठी सरकारी पैसा मागायचा, तर कुणाकडे, कधी आणि कसा?

कलावंतांचं शिष्टमंडळ मंत्र्यांना भेटलं. शाल-श्रीफळ झालं, निवेदन दिलं, फोटो निघाला आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक पुरवणीत बातमी आली : ‘मागण्यांबाबत शासन सकारात्मक’. अशी बातमी कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यात छापून येतच असते. पुढे त्या निवेदनाचं काय झालं, ते मात्र छापून येत नाही. बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं. त्यात मंत्री खोटं बोलले असंही नसतं.

त्या निवेदनाच्या कोपऱ्यात मंत्रिमहोदय एक ओळ लिहितात. ‘तपासून सादर करावे’, नाहीतर ‘नियमानुसार उचित कार्यवाही करावी’. कागद विभागाच्या टपालात जातो, त्यावर आवक क्रमांक पडतो आणि तो संबंधित कार्यासनाकडे, म्हणजे तो विषय सांभाळणाऱ्या टेबलाकडे पोचतो. तिथला कार्यासन अधिकारी तीन गोष्टी बघतो. हे काम आपल्या विभागाचं आहे का? यासाठी एखादी योजना आहे का? आणि योजना असली, तर तिच्या लेखाशीर्षात, म्हणजे अर्थसंकल्पातल्या तिच्या ओळीत, पैसे आहेत का? निवेदनात ‘लोककला जगवण्यासाठी भरीव निधी मिळावा’ एवढंच लिहिलेलं असेल, तर यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्याला सापडत नाही. ‘भरीव’ हा काही आकडा नव्हे. मागणीची नोंद घेतल्याचं तो आदबीनं कळवतो आणि कागद फायलीत जातो.

कलेला सरकारनं पैसा द्यावा की नाही, यावर आपल्याकडे भाषणं पुष्कळ होतात. तो पैसा प्रत्यक्षात कुठल्या वाटेनं येतो आणि त्या वाटेवर लोकप्रतिनिधीचा हात नेमका कुठे पोचतो, यावर जवळपास कुणीच बोलत नाही. नाट्यसंस्था, तमाशाचे फड, गायन-वादनाची मंडळं चालवणाऱ्यांना या दुसऱ्या गोष्टीची माहिती जास्त उपयोगाची आहे.

आमदाराच्या हातात काय असतं

आपल्या विधानसभेत २८८ आमदार आहेत आणि विधान परिषदेत ७८. यांपैकी कुणीही सभागृहात उभं राहून ‘सांस्कृतिक कार्याची तरतूद दहा कोटींनी वाढवा’ असा प्रस्ताव मंजूर करून घेऊ शकत नाही. राज्यघटनेच्या २०३व्या अनुच्छेदाप्रमाणे अनुदानाची मागणी राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मांडताच येत नाही. राज्यपालांची शिफारस म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाची इच्छा. सभागृह ती मागणी मंजूर करू शकतं, नाकारू शकतं, कमी करू शकतं. वाढवू शकत नाही.

त्यातून एक मजेशीर प्रकार घडतो. अनुदानाच्या मागण्यांवर चर्चा चालू असताना एखाद्या आमदाराला कलेसाठी जास्त पैसे हवे आहेत हे ठासून सांगायचं असेल, तर तो कपात सूचना देतो. मागणी थोड्याशा रकमेनं कमी करावी, अशी ती प्रतीकात्मक सूचना असते आणि तिच्या निमित्तानं तो बोलून घेतो. पैसे वाढवून मागण्यासाठी आधी ते कापायची सूचना द्यावी लागते! ही सूचना मंजूर व्हावी अशी त्याची अपेक्षाही नसते. त्याचं बोलणं कामकाजाच्या नोंदीत येतं, हेच त्याला हवं असतं.

म्हणून आमदाराकडून आकडा मागू नये, नोंद मागावी. त्यासाठी त्याच्याकडे बरीच हत्यारं आहेत. तारांकित प्रश्न विचारला तर मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं. लक्षवेधी सूचना आहे, अर्धा तास चर्चा आहे, औचित्याचा मुद्दा आहे, अशासकीय ठराव आहे. बाहेरून बघणाऱ्याला ही सगळी संसदीय शोभा वाटते. पण तारांकित प्रश्न स्वीकारला गेला की विभागाला उत्तर तयार करावंच लागतं. महिनोन्‌महिने पडून असलेली फाईल त्या दिवशी टेबलावर येते, माहिती गोळा होते, अधिकारी आकडे जुळवतात. ‘सन अमुकमध्ये या योजनेखाली किती तरतूद होती आणि किती खर्च झाला?’ एवढा साधा प्रश्न विचारला गेला, तरी सरकारनं स्वतः सही केलेला आकडा तुमच्या हाती येतो. पुढच्या वर्षीच्या निवेदनाचा पाया तो.

आणखी एक फरक कलावंतांना फारसा माहीत नसतो. पुरस्कार सोहळ्यात व्यासपीठावरून मंत्र्यांनी दिलेला शब्द, कितीही टाळ्या पडल्या तरी, हवेत विरतो. तोच शब्द सभागृहात दिला, तर तो ‘आश्वासन’ ठरतो. विधिमंडळाची आश्वासन समिती अशा शब्दांचा पाठपुरावा करते आणि विभागाला त्याचा हिशोब द्यावा लागतो. मंत्री तुमच्या कार्यक्रमाला येऊन गेले याचा आनंद मानू नये असं नाही. पण कार्यक्रमात ते जे बोलले, तेच पुढच्या अधिवेशनात एखाद्या आमदाराच्या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांच्याकडून वदवून घेतलं, तर त्याचं वजन वेगळं असतं.

विधान परिषदेबद्दल थोडं. राज्यपालनियुक्त १२ जागा घटनेनं साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ आणि समाजसेवा यांची जाण असलेल्यांसाठी ठेवल्या आहेत. ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर या वाटेनं सभागृहात गेले होते. महानोर तिथं शेती-पाण्यावर बोलायचे. कवी सभागृहात गेला की कवितेवरच बोलेल असं नाही, आणि ते बरंच आहे. अलीकडे मात्र या जागा राजकीय सोयीच्या झाल्या आहेत. २०२०मध्ये त्या रिकाम्या झाल्या, यादीचा वाद राजभवनात आणि न्यायालयात अडकला आणि २०२४च्या ऑक्टोबरमध्ये त्यातल्या सात भरल्या गेल्या. चार वर्षं कलेच्या नावानं राखलेली एकही खुर्ची भरलेली नव्हती आणि त्यावर कुठल्याही कलासंस्थेनं मोर्चा काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पैसा कुठल्या ओळीत असतो

अर्थसंकल्प म्हणजे लेखाशीर्षांची जाडजूड वही. ‘कला व संस्कृती’ या महसुली खर्चाचं प्रधान शीर्ष २२०५. इमारती, बांधकाम असा भांडवली खर्च ४२०२ या शीर्षाखाली जातो, तिथं शिक्षण आणि क्रीडाही शेजारी बसलेले असतात. तुमची मागणी या दोन्हींपैकी कशात मोडते, हे तुम्हालाच माहीत नसेल, तर ते दुसऱ्या कुणी शोधून द्यावं अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

त्यात ‘कला’ एका विभागात नाही, हा मोठा घोळ. राज्य नाट्यस्पर्धा, नाटकांचं अनुदान, तमाशा, वृद्ध कलावंतांचं मानधन हे सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडे. चित्रकला-शिल्पकलेचं शिक्षण कला संचालनालयाकडे, आणि ते उच्च व तंत्र शिक्षण विभागात. सार्वजनिक ग्रंथालयंही त्याच विभागात. साहित्य संस्कृती मंडळ आणि विश्वकोश मंडळ मराठी भाषा विभागात. शहरातलं नाट्यगृह महापालिकेचं किंवा नगरपरिषदेचं. घटनेच्या १२व्या अनुसूचीत सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना उत्तेजन देणं हे नागरी संस्थांच्या कामांत लिहिलेलं आहे. ग्रामपंचायतींसाठी ११व्या अनुसूचीत ‘सांस्कृतिक कार्य’ आहे. नाट्यगृहाच्या बिघडलेल्या वातानुकूलनाची तक्रार घेऊन मंत्रालयात गेलात, तर ती फिरून तुमच्याच महापालिकेच्या आयुक्तांकडे येणार. चार महिने वाया.

ग्रंथालयवाल्यांचं एक बरं आहे. त्यांच्यामागे १९६७चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आहे. त्यांचं अनुदान कमी पडतं, उशिरा येतं, त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षं भांडावं लागतं हे खरं. पण ते भांडतात तेव्हा पायाखाली कायद्याची जमीन असते. नाटक-तमाशाला असा कायदा नाही. आहेत ते शासन निर्णय. शासन निर्णय दुसऱ्या शासन निर्णयानं बदलतो, त्याला विधिमंडळात यावं लागत नाही. २०१०मध्ये डॉ. आ. ह. साळुंखे यांच्या समितीच्या कामातून राज्याचं पहिलं सांस्कृतिक धोरण आलं, २०२४मध्ये डॉ. विनय सहस्रबुद्धे यांच्या समितीनंतर नवं आलं. दोन्ही दस्तऐवज चांगल्या हेतूंनी भरलेले आहेत. त्यांतलं तुमच्या कामाचं वाक्य शोधून निवेदनात जसंच्या तसं उतरवा, कारण स्वतःच्या धोरणाला विभाग ‘नाही’ म्हणू शकत नाही. मात्र धोरणातलं वाक्य म्हणजे अर्थसंकल्पातली ओळ नव्हे, याचा विसर पडू देऊ नका.

ओळ आली तरी पैसे आले असं नसतं. अर्थसंकल्पात ‘तरतूद’ होते. मग वित्त विभाग त्यातला काही हिस्सा ‘वितरित’ करतो, तोही टप्प्याटप्प्यानं. वसुली कमी झाली, निवडणुकीच्या योजनांचा भार वाढला की पहिली कात्री अशा खर्चाला लागते ज्याच्यामागे पगार नाहीत आणि कायदा नाही. कला त्यात पुढच्या रांगेत बसलेली. तरतूद, वितरण आणि खर्च हे तिन्ही आकडे वित्त विभागाच्या ‘बीम्स’ या संगणकीय प्रणालीत नोंदले जातात. अमुक योजनेला तरतूद एवढी होती आणि वितरण एवढंच झालं, हे आमदाराच्या प्रश्नातून किंवा माहितीच्या अधिकारातून काढलं, की तुमची मागणी ‘जास्त पैसे द्या’ अशी राहत नाही. ‘तुम्हीच कबूल केलेले पैसे द्या’ अशी होते. दुसरी मागणी नाकारणं कुठल्याही सरकारला जड जातं.

वेळेचंही तसंच. विभागांचे अंदाज दिवाळीच्या आगेमागे तयार होऊ लागतात, डिसेंबर-जानेवारीत वित्त विभागाबरोबर बैठका होतात आणि मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला जातो. मार्चमध्ये निवेदन घेऊन जाणं म्हणजे पंगत उठल्यावर पान मागणं. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मोर्चा काढला तर बातमी मिळते, पण तोवर पुढच्या वर्षाचे आकडे बरेचसे ठरत आलेले असतात. योग्य महिना गणपती ते दिवाळीच्या दरम्यानचा, आणि नेमकं तेव्हाच आपण सगळे प्रयोगांत, स्पर्धांत गुंतलेले असतो. चुकलीच वेळ, तर पुरवणी मागण्या आहेत, म्हणजे अर्थसंकल्पानंतर सरकार मांडतं त्या जादा खर्चाच्या मागण्या. त्या बहुतेक प्रत्येक अधिवेशनात येतात, त्यामुळे वर्षात आणखी दोन-तीन संधी मिळतात.

भिंतींना मिळतो, माणसांना मिळत नाही

महाराष्ट्रात आमदाराचा स्थानिक विकास निधी २०२२पासून वर्षाला ५ कोटी रुपये आहे. खासदाराचाही ५ कोटी. ‘साहेब, तुमच्या निधीतून आमच्या महोत्सवाला काहीतरी द्या,’ असं सर्रास म्हटलं जातं. पण हा निधी टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेसाठी असतो. सभागृह, खुला रंगमंच, शेड यांना तो देता येतो. कलाकारांचं मानधन, प्रवासखर्च, तालमीच्या जागेचं भाडं याला देता येत नाही. जिल्हा नियोजन समितीच्या पैशाचा ओढाही बांधकामाकडेच असतो. ही समिती पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली चालते, जिल्हाधिकारी तिचे सदस्य-सचिव असतात आणि तिथं आमदारांचं म्हणणं मुंबईपेक्षा जास्त ऐकलं जातं.

त्याचा परिणाम आपण सगळीकडे बघतो. तालुक्याला सांस्कृतिक भवन उभं राहतं, कोनशिलेवर आठ नावं येतात, आणि मग तिथं लग्नं लागतात, कारण प्रयोग करणाऱ्याला भाडं परवडत नाही आणि नगरपरिषदेकडे प्रकाशयोजना सांभाळणारा माणूस नाही. नियमच तसे आहेत. आमदाराला दोष देऊन भागत नाही.

भिंत दिसते, म्हणून तिच्यासाठी पैसा लवकर हलतो. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदानाला लागून बांधलेलं हे थिएटर. दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, संगीतसूर्य केशवराव भोसले यांची जयंती होती. सगळं शहर रस्त्यावर आलं, कलावंत ढसाढसा रडले, आणि राज्य सरकारनं लगोलग पुनर्बांधणीसाठी कोट्यवधींचा निधी जाहीर केला. तो द्यायलाच हवा होता. पण त्याच रंगमंचावर वर्षानुवर्षं हौशी नाटकं करणाऱ्या संस्था एकेक करून बंद पडतात, तेव्हा तसा धूर दिसत नाही आणि कुठल्याही आमदाराला रात्री अकरा वाजता फोन जात नाही.

तमाशाचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. दसऱ्याला ढोलकी फडाचा तंबू बाहेर पडतो आणि यात्रा-जत्रा संपेपर्यंत रस्त्यावर असतो. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या येऊन सुपाऱ्या ठरवतात. फडात शंभराच्या आसपास माणसं : नाचणाऱ्या, गाणाऱ्या, ढोलकीवाले, सोंगाडे, आचारी, तंबू ठोकणारे, गाडीवाले. आता ही माणसं कुठल्या आमदाराची? मतदान एका गावात, काम पन्नास गावांत. ज्या गावात आज खेळ आहे, तिथल्या आमदाराच्या दृष्टीनं ते उद्या निघून जाणारे लोक. ज्या गावात त्यांचं नाव यादीत आहे, तिथं ते आठ महिने नसतात. कोविडनं यात्रा बंद पडल्या, तेव्हा फडमालक कर्जात बुडाले आणि मदतीसाठी आवाज उठवावा लागला. तो आवाज सभागृहात नेणारे लोकप्रतिनिधी मोजकेच होते. ऊस उत्पादकाचं म्हणणं मांडायला अर्धी विधानसभा उभी राहते, कारण ऊस मतदारसंघात उभा असतो. फड फिरता असतो. राज्य सरकार विठाबाई नारायणगावकरांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं, ही गोष्ट चांगलीच आहे. पण पुरस्कार एका कलावंताला मिळतो आणि डिझेल शंभर माणसांच्या फडाला लागतं. फडांनी पैसे मागायचे तर आधी एक काम करावं : आपल्या माणसांची तालुकावार यादी. ज्या आमदाराला कळेल की आपल्या तालुक्यातली चाळीस घरं या धंद्यावर चालतात, तो वेगळ्या कानानं ऐकतो.

वृद्ध कलावंतांच्या मानधनाचं काय झालं ते पाहा. या योजनेत पूर्वी तीन वर्ग होते आणि महिन्याला २,२५० ते ३,१५० रुपये मिळायचे. २०२४ साली, म्हणजे निवडणुकांच्या वर्षात, सरसकट ५,००० रुपये झाले. रक्कम आजही फार नाही. पण ही वाढ का मिळू शकली? माझं मत असं की योजना आधीपासून होती, तिला लेखाशीर्ष होतं, लाभार्थी जिल्हावार नोंदलेले होते आणि मागणी एका आकड्यात सांगता येत होती. प्रत्येक आमदाराच्या तालुक्यात भजनी मंडळातला, भारुड म्हणणारा, एखादा पेन्शनीत गेलेला शाहीर होता, जो त्याला नावानिशी ओळखत होता.

दुसरं उदाहरण जीएसटीचं. जुलै २०१७मध्ये हा कर आला, तेव्हा नाटकाचं २५० रुपयांपर्यंतचं तिकीट करमुक्त होतं; त्यावरच्या तिकिटाला १८ टक्के. व्यावसायिक मराठी नाटकाची पुढच्या रांगांची तिकिटं तेव्हाच त्या मर्यादेबाहेर गेलेली होती. नाट्यव्यवसायातून ओरड झाली आणि जानेवारी २०१८मध्ये मर्यादा ५०० रुपये झाली. यात राज्याच्या तिजोरीतून अनुदान म्हणून एक पैसा आला नाही, तरी नाटकाच्या गल्ल्यावर त्याचा परिणाम कित्येक अनुदानांपेक्षा मोठा. आणि दरवाजाही वेगळा : हा निर्णय ना सांस्कृतिक कार्यमंत्र्यांच्या हातात, ना विधानसभेच्या. तो जीएसटी परिषदेत होतो, जिथं राज्याच्या वतीनं राज्याचे मंत्री बसतात.

अमेरिकेतली एक गोष्ट

तिकडे १९६५मध्ये कायद्यानं राष्ट्रीय कला निधी स्थापन झाला. अमेरिकेच्या अर्थसंकल्पाच्या मानानं त्याची रक्कम अगदीच किरकोळ, २०२३मध्ये २०.७ कोटी डॉलर. तरी तो बंद करण्याची मागणी पुन्हा पुन्हा होते. २०१७मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी निधी पूर्ण बंद करण्याचा प्रस्ताव दिला. काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, तो मानला तर नाहीच, उलट पुढच्या वर्षाची रक्कम किंचित वाढवली, आणि तेव्हा तिथं दोन्ही सभागृहांत ट्रम्प यांचाच पक्ष बहुमतात होता.

हे कसं घडलं? या निधीच्या अनुदानांपैकी ४० टक्के पैसा राज्यांच्या कलासंस्थांना जातो आणि उरलेला असा वाटला जातो की प्रत्येक मतदारसंघात काही ना काही पोचतं. एखाद्या छोट्या गावातला वाद्यवृंद, शाळेतला कवितेचा उपक्रम, आदिवासी हस्तकला. त्यामुळे कलावंत दरवर्षी वॉशिंग्टनला जाऊन आपापल्या प्रतिनिधीला भेटतात, तेव्हा ‘कला हा मानवतेचा आत्मा आहे’ असलं काही सांगत बसत नाहीत. ‘तुमच्या मतदारसंघात गेल्या वर्षी एवढे डॉलर आले, अमुक गावात आले’ एवढा कागद पुढे ठेवतात. न्यूयॉर्कच्या मोठ्या कलादालनांसाठी जो प्रतिनिधी बोट उचलणार नाही, तो आपल्या गावच्या वाद्यवृंदासाठी मत देतो.

गोष्ट इथं संपत नाही. मे २०२५मध्ये आधीच मंजूर झालेली कितीतरी अनुदानं प्रशासनानं पत्र पाठवून रद्द केली. सभागृहानं पैसा राखला आणि वाटणाऱ्या हातानं तो थांबवला. आपल्याकडच्या तरतूद आणि वितरणातल्या फरकाचा हा सातासमुद्रापलीकडचा नमुना.

मग मागायचं कसं

निवेदन एका पानाचं हवं. पहिल्या परिच्छेदात मागणी, दुसऱ्यात आकडा, तिसऱ्यात आधार. ‘कलेची थोर परंपरा’ कापून टाका. आमदारानं ती स्वतःच्या भाषणात दहा वेळा म्हटलेली असते. समजा तुमच्या शहरात वीस हौशी नाट्यसंस्था आहेत आणि पालिकेच्या नाट्यगृहाचं भाडं त्यांना झेपत नाही. तर ‘हौशी रंगभूमीला प्रोत्साहन द्यावं’ असं लिहू नका. असं लिहा : ‘सोमवार ते गुरुवार नाट्यगृह रिकामं असतं. या दिवशी नोंदणीकृत हौशी संस्थांना निम्म्या भाड्यात द्यावं. गेल्या वर्षीच्या नोंदवहीप्रमाणे यानं पालिकेचं उत्पन्न बुडत नाही, उलट रिकाम्या दिवसांचं थोडं येतं.’ नोंदवही आधी माहितीच्या अधिकारात मागून घेतलेली असावी. अशा मागणीला ‘तपासून सादर करावे’ लिहिलं, तरी तपासायला काहीतरी असतं.

भेटायला कुणाला न्यायचं? टीव्हीवरचा चेहरा नेला तर फोटो चांगला येतो आणि वेळही पटकन मिळते. पण आमदार लक्षात ठेवतो त्याच्या वॉर्डातल्या, त्याच्या गावातल्या माणसाला. शाळेत नाटक बसवणाऱ्या बाई, साउंडवाला, नाट्यगृहासमोर वडापावची गाडी लावणारा, ज्याच्या धंद्याचे दिवस प्रयोगांवर ठरतात. हा वडापाववाला तुमच्या शिष्टमंडळातला सर्वांत परिणामकारक वक्ता ठरू शकतो. तो ‘संस्कृती’ हा शब्द वापरत नाही. आणि आमदारांच्या स्वीय सहायकाशी ओळख ठेवा. प्रश्न कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे, पत्र कुठे अडकलं, हे त्याला माहीत असतं.

‘गावाला प्यायला पाणी नाही आणि तुम्हाला नाटकाला पैसे हवेत?’ हा प्रश्न येणारच. त्यावर रागावू नका, प्रश्न प्रामाणिक आहे. उत्तर असं की कलेचा वाटा अर्थसंकल्पात इतका लहान आहे की तो पूर्ण कापला तरी पाण्याची एखादी मोठी योजनाही पुरी होणार नाही. आणि पुढे लगेच आपल्या गावाचा, आपल्या माणसांचा आकडा सांगा. तत्त्वज्ञान सांगू नका.

यापेक्षा अवघड प्रश्न आपल्यातूनच येतो : सरकारचा पैसा घेतला, तर सरकारविरुद्ध बोलायचं कसं? महाराष्ट्रात अजूनही नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडून, प्रमाणित करून घ्यावी लागते, तेव्हा ही शंका हवेतली नाही. माझ्या मते यावर उपाय पैसा नाकारणं हा नाही. एकदाची ‘मदत’ न मागता कायमची योजना मागावी. मदत मंत्र्याच्या मर्जीवर असते, ती देणाऱ्याचे आभार मानावे लागतात, त्याच्या वाढदिवसाला कार्यक्रम करावा लागतो. योजनेत निकष लिहिलेले असतात, निवड समिती असते, अर्जाची तारीख असते. म्हणून पैशाच्या मागणीबरोबर समितीची मागणीही जोडावी : सदस्य कोण, मुदत किती, निकालाची कारणं जाहीर होणार का. गोव्यात पणजीच्या कला अकादमीचं नूतनीकरण चालू असताना जुलै २०२३मध्ये खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं. इमारत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांची. तिथं तियात्र हे कोकणी संगीतनाट्य, मराठी नाटक आणि संगीत तिन्हींचा राबता होता. कलाकार गप्प बसले नाहीत आणि पुढे सरकारला नाट्यदिग्दर्शक विजय केंकरे यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमावं लागलं. पैसा खर्च होऊन गेल्यावर. असं कृती दल निविदा निघायच्या आधी असतं, तर फरक पडला असता.

पक्षाच्या बाबतीत एक पथ्य. सत्ताधारी आमदार मंत्र्यापर्यंत नेतो, विरोधी आमदार सभागृहात प्रश्न विचारतो. दोघंही लागतात. संस्थेच्या फलकावर एकाचाच फोटो लागला, की दुसरा दार बंद झालं. आचारसंहितेच्या काळात तर काहीच घोषित होत नाही, तेव्हा तो काळ आकडे गोळा करण्यात घालवावा. आणि ‘फाईल हलवून देतो, एवढे टक्के द्या’ म्हणणारा मध्यस्थ भेटला तर त्याच्या चहालाही बसू नका. त्यानं हलवलेली फाईल लेखापरीक्षणात तुमच्याच नावानं उघडते.

अनुदान मंजूर झालं, खात्यात पैसे आले, की बहुतेक संस्थांचा पाठपुरावा संपतो. पैसा ठरल्या कामालाच लागला असं सांगणारं उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं राहतं, पावत्या सापडत नाहीत, लेखापरीक्षकाची सही मार्चअखेरपर्यंत मिळत नाही. मग ३१ मार्चला विभागाच्या कागदावर रक्कम ‘अखर्चित’ किंवा ‘प्रमाणपत्र प्रलंबित’ दिसते. पुढच्या वर्षी वित्त विभाग हाच कागद समोर ठेवून विचारतो की गेल्या वर्षीचे खर्च झाले नाहीत, तर या वर्षी जास्त कशाला? तेव्हा तुमच्या बाजूनं बोलणारा आमदारही गप्प होतो. पावत्यांची फाईल प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशीच लावायला घ्या, आणि प्रमाणपत्राची एक प्रत आमदारांच्या कार्यालयात पोचती करा.